विद्यापीठाची वाढ कशाने मोजायची?

कुंभवलीत बसून विद्यापीठावर बोलायचं, तर आधी आजूबाजूला बघू. इकडे तारापूरची एमआयडीसी, तिकडे 1969 पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र. एवढं विज्ञान उशाशी आहे, पण विद्यापीठ आहे मुंबईला. म्हणून मुंबई विद्यापीठाने आपल्या वाढीचा विचार आजवर कसा केला, तो इतिहास आम्ही थोडक्यात मांडणार आहोत.

हे विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झालं. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे काय, तर शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला 132 जण बसले, पास झाले 22. 1862 च्या पहिल्या बी.ए. तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कार्यक्षेत्र सिंधपासून धारवाडपर्यंत! विद्यापीठ फक्त परीक्षा घेत असलं, की अंतर त्याला जाणवत नाही; ते जाणवतं विद्यार्थ्याला.

पुढे 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली. 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. 1933 मध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. तो का निघाला, हे ध्यानात घ्या. मुंबई तेव्हा कापडगिरण्यांचं शहर होतं आणि त्या विभागात कापडाचं रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात झाली. भोवतालची गरज ओळखून ज्ञानशाखा उभी राहिली, आणि तीच 2008 मध्ये स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाला पोहोचली. याला आम्ही खरी वाढ म्हणतो.

वाढीचा आणखी एक मार्ग आहे, तो विभागणीचा. 1947 मध्ये सिंधला, 1949 च्या सुमारास पुणे, गुजरात आणि कर्नाटकाला आपापली विद्यापीठं मिळाली. मुंबईचं क्षेत्र आक्रसलं, पण शिक्षण पसरलं. अगदी अलीकडे, 2011 मध्ये, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी नागपूरपासून वेगळं गोंडवाना विद्यापीठ झालं.

आता आपल्याकडे येऊ. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी, आठ तालुके. पालघरात कॉलेज आहे, आणि त्याला नाव आहे सोनोपंत दांडेकरांचं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाचं! पदवीची सोय झाली. पण विद्यापीठाचे बहुतेक विभाग, मोठं ग्रंथालय, संशोधन हे सगळं कलिना नाहीतर फोर्टला. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, हे खरं. पण जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. तिथल्या मुलीने आधी एसटी पकडायची, मग गाडी. ठाणे, कल्याण, रत्नागिरीला उपकेंद्रं झाली, तसा विचार इथेही व्हायला हवा.

2016 च्या विद्यापीठ कायद्यात पाच वर्षांचा बृहत् आराखडा सक्तीचा आहे. सोयींचं समान वाटप व्हावं आणि मागास भागांकडे लक्ष जावं, हा त्याचा हेतू. मात्र व्यवहारात चर्चा होते ती कुठे किती नवी कॉलेजं, एवढीच. संख्या वाढणं आणि विद्यापीठ वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बरं का. कॉलेजची पाटी लागली म्हणजे प्रयोगशाळा आली असं होत नाही.

मग काय मागायचं? 1933 ला मुंबईसाठी जे सुचलं, ते आज बोईसर-तारापूरसाठी सुचावं. इथे रसायनांचे कारखाने आहेत, त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आहे, समुद्र आहे, मच्छीमार आहेत, वारली बोलणारी माणसं आहेत. यांतला प्रत्येक विषय एका विभागाला पुरेल. कारखान्यातलं पाणी तपासायला बाहेरून माणूस का यावा? कुंभवलीचा मुलगा ते इथेच का शिकू नये?

आराखड्यात कॉलेजांच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असावा, असं आमचं म्हणणं आहे : वर्गात पोहोचायला विद्यार्थ्याला किती तास लागतात? तो आकडा कमी होत गेला, तर विद्यापीठ वाढलं असं खुशाल समजा.