अहिल्यानगर जिल्ह्यातील लोककला आणि लोकपरंपरा

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील लोककला आणि लोकपरंपरा यांत तमाशा, बोहाडा, जागरण, गोंधळ, कीर्तन व भजनी सप्ताह हे कलाप्रकार आणि ग्रामदैवतांच्या यात्रा, नवस, मानपान व गावनियम यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक प्रकार आजही प्रचारात आहेत. त्यांचे टिकणे मुख्यतः यात्रा, सण व लग्नकार्ये यांच्या वार्षिक चक्रावर अवलंबून आहे. ज्या कलांना या चक्रात ठरलेला दिवस व मान आहे त्या बदलत्या रूपात चालू राहिल्या. ज्या दारोदार मिळणाऱ्या भिक्षेवर अवलंबून होत्या त्या वेगाने मागे पडल्या.

पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात चौदा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या डोंगररांगांत आहे व तेथे महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. उत्तरेकडे प्रवरा व गोदावरी खोऱ्यातील उसाचा बागायती पट्टा, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत. या भौगोलिक भेदामुळे परंपराही विविध आहेत.

संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे ‘भावार्थदीपिका’ सांगितली. त्यामुळे वारकरी परंपरेत जिल्ह्याला विशेष स्थान आहे. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये झाला. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलण्यात आले.

यात्रा

होळीपासून वैशाखापर्यंतचा काळ हा जिल्ह्यातील यात्रांचा मुख्य हंगाम होय. रब्बीची सुगी आटोपलेली असते आणि खरिपाच्या पेरणीस अवकाश असतो. यात्रेचा खर्च गावकऱ्यांच्या वर्गणीतून होतो. पालखी, छबिना, तमाशा आणि कुस्त्यांचा हगामा ही तिची नेहमीची अंगे आहेत. नोकरीनिमित्त पुणे-मुंबईस गेलेली कुटुंबे या दिवसांत गावी येतात. अनेक गावांत यात्रेच्या दिवशी येणाऱ्यांची संख्या दिवाळीपेक्षा अधिक असते.

पारनेर तालुक्यातील निघोज येथील मळगंगा देवीची यात्रा चैत्रात भरते. त्याच तालुक्यात पिंपळगाव रोठा येथील कोरठण खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेस असते व तीत गावोगावच्या उंच मानाच्या काठ्या वाजतगाजत आणल्या जातात. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवी आणि अकोले तालुक्यातील कळसूबाई येथे नवरात्रात गर्दी होते.

शिर्डीचा रामनवमी उत्सव १८९७ मध्ये उरूस म्हणून सुरू झाला. साईबाबांच्या संमतीने त्यासाठी रामनवमीचाच दिवस निवडण्यात आला होता. ध्वजांची आणि संदलाची अशा दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी निघत. अहिल्यानगर शहरातील मोहरमच्या सवाऱ्यांनाही मुस्लिमांबरोबर हिंदू भाविक नवस बोलतात.

यात्रेतील बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या सात वर्षांतही अनेक शेतकऱ्यांनी शर्यतीचे बैल सांभाळले. प्राण्यांच्या छळाचा मुद्दा मात्र आजही वादाचा आहे.

मढीची यात्रा

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे नाथपंथातील कानिफनाथांची समाधी आहे. येथील यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. रंगपंचमी हा तिचा मुख्य दिवस. भटक्या जमातींचे हे मोठे श्रद्धास्थान आहे. छत्रपती शाहूंच्या सुटकेसाठी येसूबाईंनी येथे नवस केला व पुढे गडाच्या बांधकामास अठरापगड जातींनी हात लावला, अशी आख्यायिका सांगितली जाते. या श्रमाची आठवण म्हणून वेगवेगळ्या समाजांना मान वाटून दिलेले आहेत. होळी पेटविण्याचा मान गोपाळ समाजाकडे, तर काठीचा मान कैकाडी समाजाकडे आहे. यात्रेपूर्वी सुमारे महिनाभर गावात लग्नकार्य आणि तळणाचे पदार्थ वर्ज्य असतात.

यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. माती, विटा व वाळू वाहणाऱ्या समाजांचे ते भांडवल होते. ट्रॅक्टर व टेम्पो आल्यापासून ही उलाढाल पूर्वीसारखी राहिलेली नाही. मढी येथे भटक्या जमातींच्या जातपंचायतीही भरत. सोयरिकी जमविणे, तंटे मिटविणे, दंड करणे व वाळीत टाकणे असे निर्णय तेथे होत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला कायदा २०१७ मध्ये लागू झाला. त्यानुसार कोणासही वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. यात्रेचा धार्मिक भाग कायम राहिला. न्यायदानाच्या भागास मात्र कायद्याने मर्यादा घातली.

तमाशा

शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे. त्यांचे आडनाव घोलप होते. पोवाडे व लावण्यांबरोबर त्यांनी रचलेले फटके विशेष प्रसिद्ध आहेत. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी कथा सांगितली जाते. त्यांच्या नावाने संगमनेरमध्ये व्याख्यानमाला चालते. तमाशातील ज्येष्ठ कलावती कांताबाई सातारकर यांचे वास्तव्यही संगमनेरलाच होते. मे २०२१ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले.

जिल्ह्यात तमाशाचे दोन प्रकार आढळतात. ढोलकीफडाचा तमाशा तंबूसह गावोगाव फिरतो आणि गण, गवळण, बतावणी व वग या क्रमाने रंगतो. संगीतबारीत लावणीगायन व नृत्य यांना प्राधान्य असून ती एका जागी, कलाकेंद्रात चालते. जामखेड परिसर अशा कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो. ढोलकीफडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. यात्रा समित्यांची सुपारी हे फडाचे मुख्य उत्पन्न असते. हंगामापूर्वी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात व ती वर्षभर फेडतात.

चित्रपटगीते आणि ध्वनिवर्धक यंत्रणा यांचा वाटा वाढत गेल्याने वगाचा वेळ आक्रसला. २०२० व २०२१ मध्ये कोरोना साथीमुळे यात्रा रद्द झाल्या आणि फडांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. अनेक कलावंतांनी शेतमजुरी, भाजीविक्री अशी कामे धरली. गावाच्या दृष्टीने यात्रा पुढल्या वर्षावर गेली होती. कलावंतांच्या दृष्टीने वर्षाची भाकरी गेली होती.

बोहाडा

अकोले तालुक्याच्या आदिवासी भागात, तसेच लगतच्या नाशिक व पालघर जिल्ह्यांत, उन्हाळ्यात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देव, दानव व पुराणातील पात्रांची सोंगे रात्रभर नाचविली जातात. संबळ व पिपाणी ही प्रमुख वाद्ये असतात आणि प्रत्येक सोंगाची चाल त्याच्या ठेक्यावरून ओळखू येते. आरंभी गणपती व शारदा, तर शेवटी देवी व महिषासुराचे युद्ध असा सामान्यतः क्रम असतो. कोणते सोंग कोणी नाचवायचे हे बहुधा घराण्यावरून ठरते. त्यामुळे शहरात नोकरी करणारी व्यक्तीही आपल्या सोंगासाठी रजा काढून गावी येते. टेंभ्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली आहे. मुखवट्याची पूजा व घराण्याचा मान कायम आहे.

मुखवटे घालून पुराणप्रसंग सादर करण्याची परंपरा जगात इतरत्रही आढळते. इंडोनेशियातील बाली बेटावर ‘वायांग वोंग’ या नृत्यनाट्यात रामायणातील प्रसंग मुखवट्यांसह सादर होतात. तेथील मंदिरांचे वार्षिक उत्सव २१० दिवसांच्या स्थानिक पंचांगानुसार येतात आणि कलावंतांचा सराव त्याभोवती गुंफलेला असतो. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध सांगता येत नाही. परंतु देवस्थानाच्या तिथीशी बांधलेली कला आधुनिक जीवनातही आपली वेळ राखते, एवढे साम्य दिसते.

कीर्तन आणि सप्ताह

अखंड हरिनाम सप्ताह जिल्ह्यात गावोगाव होतात. गोदावरीच्या पात्रातील सराला बेट येथील गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू असून तो दरवर्षी श्रावणात वेगळ्या गावी होतो. सात दिवस टाळमृदंग न थांबता पहारे बदलत भजन चालते. परिसरातील घराघरांतून भाकरी येतात आणि मोठ्या काहिलींतून आमटी शिजते. मांडव व स्वयंपाकाचे काम गावकरी स्वतः करतात. पूर्वी कीर्तन पंचक्रोशीपुरते ऐकले जाई. आता ते भ्रमणध्वनीवरही पाहिले जाते.

कीर्तनाचा स्वीकार जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजानेही केला. अहमदनगर येथे वास्तव्य केलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व भजने रचून ख्रिस्ती उपासनेस मराठी वळण दिले.

घरगुती विधी

लग्नानंतर कुलदैवताचे जागरण किंवा गोंधळ घालण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. खंडोबाच्या जागरणात पाच उसांच्या किंवा ज्वारीच्या ताटांखाली चौक भरून घट मांडतात. वाघ्या व मुरळी दिमडी आणि तुणतुण्याच्या साथीने गातात आणि लंगर तोडून विधी संपतो. देवीच्या गोंधळात संबळ व दिवटी यांना महत्त्व असते. मुली देवाला वाहून मुरळी करण्याच्या प्रथेस कायद्याने बंदी आहे. आज मुरळीचे काम बहुधा व्यावसायिक गायिका करतात. रात्रभराचा विधी अनेकदा मंगल कार्यालयाच्या वेळेनुसार दोन-तीन तासांत आटोपतो.

शनिशिंगणापूरची घरे

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना चौकटी असतात, पण दारे व कुलपे लावत नाहीत. गावाचे रक्षण शनिदेव करतो, ही त्यामागील श्रद्धा होय. २०११ मध्ये येथे यूको बँकेची शाखा उघडली, तेव्हा प्रथेचा मान राखून दर्शनी दारास कुलूप न लावण्याचे ठरले. पुढे गावात पोलीस ठाणेही आले. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ न देण्याची प्रथा मात्र आंदोलन व मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, संपली.

ऱ्हास आणि जतन

वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले यांसारख्या फिरत्या कलावंतांची स्थिती सर्वांत कठीण आहे. १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भिक्षा मागणे गुन्हा ठरले, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांचे खेळ बंद झाले. अनोळखी व्यक्तीविषयीचा संशयही वाढला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची हत्या केली. त्यानंतर अशा समाजांतील अनेकांना गावात शिरण्याचीच भीती वाटू लागली. त्यांच्या मुलांनी शिक्षण व स्थिर व्यवसाय निवडणे स्वाभाविक आहे; मात्र त्यांची गाणी, संवाद व सांकेतिक भाषा बहुतांशी मौखिक असल्याने जाणत्या पिढीबरोबर ती नाहीशी होण्याचा धोका आहे.

परंपरा दैनंदिन उपयोगातून जतन होऊ शकते, याचे उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे आढळते. तेथील राहीबाई पोपेरे यांनी घरोघरच्या स्त्रियांनी राखलेले पारंपरिक वाणांचे बियाणे गोळा करून बियाणे बँक उभारली. या कार्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. हे बियाणे केवळ साठवले जात नाही; शेतकऱ्यांना दिले जाते, पेरले जाते आणि पुन्हा जपले जाते.

हेही पाहा

तमाशा
बोहाडा
अनंत फंदी
मढी
शनिशिंगणापूर