उंबऱ्याच्या आत आलेली धूळ

वाचकहो, दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत एक काम ठरलेलं असतं, ते म्हणजे साफसफाई. माळ्यावरचं सामान खाली येतं, जळमटं निघतात, कोपरे झाडले जातात. या देशात येऊन मला पंचेचाळीस वर्षं झाली, पण ही सवय काही सुटली नाही. आजचा लेख अशाच एका साफसफाईतून निघाला आहे.

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं लीड्सजवळ एक जुनं घर घेतलं. घर १९३०च्या दशकातलं आणि मागच्या अंगणातलं गॅरेज नंतर कधीतरी बांधलेलं. त्यावर करड्या रंगाचे पन्हळी पत्रे होते. तिचा फोन आला, "आई, शनिवारी आम्ही दोघं ते छप्पर पाडून टाकतो. हातोडा घरात आहे, स्किपही मागवलाय."

मी म्हटलं, "थांब गं. आधी मला बघू दे."

पत्रे पाहताच मला आमची कोकणातली शाळा आठवली. शाळेच्या व्हरांड्यावर हेच पत्रे होते. आम्ही त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणायचो. त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक होतं? पुढे मी आयुष्यभर औद्योगिक इतिहास शिकवला, तेव्हा कळलं की ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांना ते फार आधीपासून ठाऊक होतं.

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं खनिज आहे. ते दगडासारखं निघतं, पण पिंजलं की त्याचा कापसासारखा धागा होतो. हा धागा जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त पडतो. वाफेच्या इंजिनांच्या युगात बॉयलर आणि नळ गुंडाळायला याहून सोयीचं काय असणार? उत्तर इंग्लंडमधलं रॉचडेल हे सुती गिरण्यांचं गाव. कापूस कातणाऱ्या त्या गावाला ॲस्बेस्टॉस कातणं अवघड गेलं नाही. पण १८९८च्या सरकारी अहवालातच लुसी डीन या महिला कारखाना-निरीक्षकांनी नोंदवलं होतं की ही धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी टोकदार दिसते आणि ती हवेत तरंगते तिथे कामगारांना अपाय होतो. नोंद झाली आणि फाइलमध्ये राहिली.

नेली केर्शॉ ही रॉचडेलची कामगार ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, ती वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. त्यांत खनिजाचे कण रुतलेले होते. पुढे याच आजाराला त्यांनी 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव दिलं. कंपनीनं मात्र भरपाई नाकारली. नेलीला नाव नसलेल्या कबरीत पुरलं गेलं.

तिच्या मृत्यूनंतर सरकारनं चौकशी केली. मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले आणि १९३० मध्ये अहवाल दिला. सुमारे चौघांतल्या एकाच्या फुप्फुसांत बिघाड सापडला. उपाय साधे सांगितले होते: काम शक्यतो ओलं करून करा, धूळ उडते तिथेच ती ओढून घ्या. १९३१ मध्ये नियम आले. पण ते ठराविक कारखान्यांतल्या ठराविक कामांपुरते होते. जहाजावर नळ गुंडाळणारा, इमारतीत बोर्ड कापणारा सुतार त्यात नव्हता. कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. धूळ तिथे थांबणार नव्हती.

ती बाहेर कशी पडली, याचं उत्तर लेकीच्या घरापासून फार दूर नाही. लीड्सच्या आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स हा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता. तो १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला. आजूबाजूला कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या. खिडक्यांच्या कठड्यांवर निळसर-करडी धूळ साचायची आणि मुलं रस्त्यावर त्या धुळीत खेळायची. त्या मुलांपैकी एक जून हॅनकॉक. तिची आई मेसोथेलिओमानं गेली. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे आणि तो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. पुढे जूनलाही तोच आजार झाला. तिनं आणि आणखी एका कुटुंबानं दावा लावला. १९९५ मध्ये न्यायालयानं मान्य केलं की कारखान्याबाहेर खेळणाऱ्या मुलांबाबतही कंपनीची जबाबदारी होती. अपिलातही निकाल टिकला. १९९७ मध्ये जून वारली. आर्मलीतल्या घरांच्या पोटमाळ्यांवर कारखान्याची धूळ कितीतरी वर्षांनी सापडली आणि महापालिकेला ती घरं साफ करून घ्यावी लागली.

हा आजार लगेच दिसत नाही. श्वासात गेलेला तंतू तीस-चाळीस वर्षं गप्प बसू शकतो. १९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण नोंदवले. त्यांत खाणीत कधीच न उतरलेले, फक्त खाणीजवळ लहानपण गेलेले लोक होते. १९६५ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: रुग्णांत अशा बायका होत्या ज्यांनी फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते. हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा दरवेळी थांबायचे. कपडे झटकून धुवायला टाकणं हे कुणाच्या घरचं काम नव्हतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला घाईनं लाखो घरं हवी होती, आणि हाच माल घराघरांत शिरला. गॅरेजचे पत्रे, बॉयलरभोवतीचे बोर्ड, नळांवरचं वेष्टण, जमिनीच्या फरश्या, आर्टेक्सचे नक्षीदार छत, सगळीकडे तो गेला. १९८२ मध्ये ॲलिस जेफरसन या मरणासन्न स्त्रीवरचा माहितीपट दूरदर्शनवर दाखवला गेला आणि देश हादरला. त्यानंतर घातक ॲस्बेस्टॉस काढायला परवाना सक्तीचा झाला. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. लुसी डीन यांच्या नोंदीनंतर १०१ वर्षांनी.

आता आपल्याशी संबंधित गोष्ट सांगते. कार्यालयं, शाळा, फ्लॅट्सचे सामायिक जिने यांतल्या ॲस्बेस्टॉसची नोंद ठेवणं आज कायद्यानं बंधनकारक आहे. स्वतःच्या घराच्या आत मात्र ते बंधन नाही. कामाला येणाऱ्या कंत्राटदाराला नियम लागू आहेत, पण घरात काय आहे हे शोधायची सक्ती आपल्यावर नाही. कायदा पुन्हा एकदा उंबऱ्याशी थांबला आहे. म्हणून २०००च्या आधीचं घर घेणाऱ्या आपल्या मुलाबाळांना मी काही गोष्टी सांगते. या नियमांमागे माणसं आहेत, हे एवढं वाचल्यावर त्यांच्या लक्षात येईल.

पहिलं, फोडण्याआधी विचारा. नुसत्या नजरेनं खात्री होत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्या. दुसरं, माल धड असेल आणि त्याला धक्का लागत नसेल, तर तो तिथेच राहू देणं बहुधा जास्त सुरक्षित असतं. त्याला भोक पाडू नका, घासू नका. तिसरं, बोर्ड, नळांचं वेष्टण किंवा फवारलेला थर असेल, तर हात लावू नका. ते परवानाधारकाचं काम. ते बंदिस्त तंबू उभारतात, आतली हवा गाळूनच बाहेर सोडतात आणि शेवटी स्वतंत्र तपासनीस हवा तपासून प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र मागून घ्या.

सिमेंटच्या पत्र्यांत तंतू घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे त्यांना परवाना बहुधा लागत नाही. तरीही काम जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि तो काय करतो ते पाहा. पत्रे ओले केले पाहिजेत, बोल्ट काढून अखंड उतरवले पाहिजेत, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळले पाहिजेत. साध्या स्किपमध्ये ते टाकता येत नाहीत. ते कुठे घेतात हे आपल्या काउन्सिलला विचारा. आणि झाडू नका! केरसुणीही नको, घरचा व्हॅक्यूमही नको. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका. कामाचे कपडे घरच्या मशीनमध्ये धुवायचे नाहीत.

लेकीच्या पत्र्यांत पांढरा ॲस्बेस्टॉस निघाला. माहितगार माणसं आली, पत्रे भिजवले, एकेक करून अख्खे उतरवले आणि गुंडाळून नेले. अर्ध्या दिवसाचं काम. हातोडा कपाटातच राहिला. लेक म्हणाली, "आई, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या संध्याकाळी मी श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाला फोन केला. भारतात या खनिजाच्या खाणी बंद झाल्या, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून विकले जातात. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतले पत्रे उडून फुटले होते. मी विचारलं, "तेव्हा तुकडे कसे गोळा केले रे?"

"कसे म्हणजे? झाडून. वहिनीनं आणि मुलांनी. का गं ताई?"

वाचकहो, त्याला मी जे सांगितलं तेच वर लिहिलं आहे. या दिवाळीत गावी फोन कराल, तेव्हा फराळाच्या गप्पांत हेही एकदा सांगा. आणि इथे आपल्या मुलांनी जुनं घर घेतलं असेल, तर हातोडा उचलायच्या आधी.