साक्षीचे गाणे : ‘लेट इंग्लंड शेक’ची घडण

राजकीय कविता म्हटली की आपल्यासमोर प्रथम घोषणा उभी राहते. कवीने बाजू घ्यावी की घेऊ नये, या वादात मराठी समीक्षेने पुष्कळ शक्ती वेचली. परंतु बोलणारा कोठे उभा राहून बोलतो, हा त्याहून मूलगामी प्रश्न बहुधा उपेक्षितच राहिला. या प्रश्नाचे एक विचारार्ह उत्तर साहित्याच्या रूढ सीमेबाहेर, रॉक संगीतात सापडते. पी. जे. हार्वी या इंग्रज गायिकेचा ‘लेट इंग्लंड शेक’ हा बारा गाण्यांचा आल्बम १४ फेब्रुवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाला. युद्ध हा त्याचा विषय; पण युद्धाविषयी निवाडा मात्र तो देत नाही.

हार्वीबाईंचा जन्म १९६९चा, वाढ डॉर्सेट परगण्यातली. त्यांची आरंभीची कीर्ती खाजगी वासना-वेदनांच्या उत्कट उद्गारावर उभी होती. २००१ साली त्यांना मर्क्युरी पारितोषिक जाहीर झाले, तो दिवस नेमका ११ सप्टेंबरचा. त्या वेळी त्या वॉशिंग्टनमध्ये होत्या. पारितोषिकाचा स्वीकार त्यांना दूरध्वनीवरूनच करावा लागला. पुढे अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत ब्रिटन उतरले. या नव्या विषयाला आपली जुनी ‘मी’ची भाषा पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले, आणि येथूनच या आल्बमचा खरा इतिहास सुरू होतो.

लेखनाला सुमारे अडीच वर्षे लागली. रॉक संगीतात पुष्कळदा चाल आधी सुचते आणि शब्द तिच्यात मागाहून बसविले जातात. येथे शब्द आधी सिद्ध झाले. १९१५च्या गॅलिपोली मोहिमेचा इतिहास, तसेच इराक व अफगाणिस्तानातील सैनिकांच्या व नागरिकांच्या साक्षी त्यांनी वाचल्या. पिंटर व एलियट यांचे लेखन आणि गोयाची युद्धचित्रे त्यांनी पुढे ठेवली होती. गोयाचा दाखला बोलका आहे. छिन्न देह दाखवताना तो चित्रकार आक्रोश करीत नाही. पाहिलेले समोर ठेवतो आणि बाजूला होतो. हार्वीबाईंचा निवेदकही असाच आहे. तो खंदकात असतो, काटेरी तारेपाशी असतो, पण सेनापतीच्या तंबूत किंवा सभेच्या व्यासपीठावर कधीच नसतो.

या भूमिकेचा परिणाम थेट आवाजावर झाला. भारदस्त, परिपक्व स्वरात हे शब्द गायले तर ते खोटे वाटतील, असे त्यांना जाणवले; म्हणून त्यांनी वरच्या पट्टीतला, काहीसा निरागस आवाज शोधला. सोबतीला ऑटोहार्प हे त्यांना नवे असलेले वाद्य घेतले. डॉर्सेटमध्येच, समुद्राकाठच्या आइप गावी, एकोणिसाव्या शतकातील एका चर्चमध्ये २०१०च्या एप्रिल-मे महिन्यांत पाच आठवड्यांत ध्वनिमुद्रण पूर्ण झाले. फ्लड, जॉन पॅरिश आणि मिक हार्वी (हे आडनावबंधू ऑस्ट्रेलियाचे) हे त्यांचे सहकारी. अखेरच्या गाण्याचा आरंभ मिक हार्वींच्या आवाजात आहे. गॅलिपोलीत मेलेल्या मित्राची आठवण एका ऑस्ट्रेलियन कंठातून यावी, ही योजना अर्थपूर्ण आहे.

उसने ध्वनी हे या आल्बमचे दुसरे वैशिष्ट्य. ‘द ग्लोरियस लँड’मध्ये लष्करी बिगूल वाजतो, तो गाण्याच्या लयीशी आणि स्वराशी पूर्ण विसंगत. पुष्कळांना ती चूक वाटली. वस्तुतः तीच त्या गाण्याची टीका आहे. अन्यत्र एडी कॉक्रनच्या १९५८च्या गाण्यातली, गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांकडे नेण्याची पोरकट थट्टा एका सैनिकाच्या तोंडी येते आणि भीषण होते. शीर्षकगीत हार्वीबाईंनी प्रथम एप्रिल २०१०मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात गायिले. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन तेव्हा समोरच बसले होते. त्या वेळी पार्श्वभूमीला इस्तंबूल व कॉन्स्टँटिनोपल या नावांवरचे १९५३चे एक विनोदी गाणे वाजत होते. गॅलिपोलीच्या मोहिमेला जे शहर गाठायचे होते आणि जे कधी गाठता आले नाही, ते हेच. आल्बममध्ये तो तुकडा उरला नाही. त्याच्या चालीची छाया तेवढी झायलोफोनवर राहिली.

येथे भारतीय वाचकाचे मन मात्र अडखळते. गॅलिपोलीत हिंदी सैनिकांची २९वी ब्रिगेड लढली. ४ जून १९१५ रोजी चौदाव्या शीख पलटणीतील बहुतेक सैनिक ठार वा जखमी झाले. हेलिसच्या स्मारकावर हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. या गाण्यांत ते नाहीत. ‘इंग्लंड’ या गाण्याखाली एका कुर्दी गायकाचा जुना आवाज घुमतो खरा. पण इंग्रज श्रोत्याच्या लेखी तो केवळ स्वर आहे, साक्ष नव्हे.

हा दोष कवयित्रीच्या माथी मारणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. साक्षीची कविता कागदावर आधारलेली असते, आणि कागद तिला तिच्या भाषेत मिळाले. आपल्या सैनिकांची स्थिती निराळी होती. फ्रान्सच्या आघाडीवरून त्यांनी धाडलेल्या पत्रांपैकी जी आज वाचता येतात, ती बहुतांशी लष्करी तपासनिसांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांच्या उताऱ्यांतून. मूळ शब्द बहुतेक हरवले आहेत. मी अनुवादक आहे. अनुवाद करणाराच पहारेकरी असावा, हा विचार मला अस्वस्थ करतो. या मृतांसाठी कोणी मराठीत, पंजाबीत वा नेपाळीत गाणे रचू पाहील, तर त्याला प्रथम परक्या भाषेतून आपल्याच माणसाचा स्वर परत मिळवावा लागेल. हार्वीबाईंनी दाखविलेली रीत त्याच्या उपयोगी पडेल: आवाज लहान ठेवावा, निवाडा राखून ठेवावा, आणि जे पाहिले गेले ते नेमक्या शब्दांत सांगावे.