मचाणावरील व्याध आणि सावध कुरंग

पालि साहित्याकडे आपण बहुधा धम्म, विनय आणि तत्त्वचिंतन यांचा ठेवा म्हणून पाहतो. परंतु या साहित्यात तत्कालीन लोकजीवनातील अनेक व्यवसायांचे सूक्ष्म ज्ञानही साठविलेले आहे. शिकार हा त्यांपैकीच एक व्यवसाय होय. शस्त्र कोणतेही असो, हरणाच्या शिकारीचे सारे कौशल्य एका गोष्टीवर अवलंबून असते. शस्त्र सुटेपर्यंत हरीण बुजता कामा नये. प्राचीन भारतातील व्याधांना हे तंत्र किती अवगत होते, तसेच बौद्ध ग्रंथकारांनी त्या ज्ञानाचा कोणता उपयोग करून घेतला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

जातकट्ठकथेतील 547 कथांपैकी एकविसावी कथा कुरंगमृगाची आहे. एका गावात ‘अट्टकलुद्दक’, म्हणजे मचाण बांधून शिकार करणारा एक व्याध राहत असे. फळे धरलेल्या झाडाखाली हरणांची पावले दिसली की तो त्या झाडावर मचाण बांधी. फळे खावयास आलेल्या हरणाला वरून शक्तीने, म्हणजे भाल्याने, विंधून त्याचे मांस विकणे हीच त्याची उपजीविका होती. एकदा सेपण्णीच्या झाडाखाली त्याला बोधिसत्त्व कुरंगाची पावले आढळली. दुसऱ्या दिवशी पहाटेच न्याहारी उरकून तो मचाणावर जाऊन बसला. सेपण्णी म्हणजे संस्कृतातील श्रीपर्णी आणि आपल्याकडील शिवण. तिची पिवळी फळे उन्हाळ्यात पिकून खाली पडतात आणि हरणे ती आवडीने खातात. कथाकाराने निवडलेले झाड अरण्याच्या वास्तवाला धरून आहे.

व्याधाची योजनाही तितकीच जाणतेपणाची आहे. हरणाचे घ्राणेंद्रिय अतिशय तीव्र असते. त्याचे कान किंचित आवाजाकडेही वळतात. रंगांचा, विशेषतः तांबड्या रंगाचा, भेद त्याला फारसा कळत नसला तरी हालचाल मात्र त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. जमिनीवर दबा धरणाऱ्याला या तिन्ही इंद्रियांशी झुंजावे लागते. उंच मचाणावर बसल्याने माणसाचा गंध बराचसा हरणाच्या डोक्यावरून वाहून जातो आणि त्याची आकृती हरणाच्या नित्याच्या दृष्टिपथाबाहेर राहते. हरणाच्या आधी पोहोचणे, त्याचा माग काढून जागा ठरविणे आणि त्यानंतर निश्चल बसणे ही या विद्येची तीन अंगे होत. कथेतील व्याधाने पहिली दोन अचूक साधली. तिसऱ्यात तो चुकला.

कारण कुरंग नेहमीप्रमाणे थेट झाडाखाली आला नाही. मचाण बांधून बसणारे व्याध असतात, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो दूरच थांबून अदमास घेऊ लागला. व्याधाचा धीर सुटला. त्याने मचाणावरून फळे फेकली, ती हरणाच्या पुढ्यात जाऊन पडली. फळे पडणे ही हरणाला भिण्यासारखी गोष्ट नव्हे. वानरांनी टाकलेली फळे आणि पाला खाण्यासाठी चितळ त्यांच्या झाडांखाली जमतात, हे आजही आपल्या अरण्यांत दिसते. संशय आला तो फळांच्या दिशेमुळे. झाडाचे फळ सरळ खाली पडते, ते एखाद्याच्या पुढ्यात येऊन पडत नाही. कुरंगाने पुन्हा पुन्हा वर पाहिले तेव्हा व्याध त्याच्या दृष्टीस पडला. तरीही न पाहिल्यासारखे करून तो झाडालाच उद्देशून म्हणाला की तू आपला वृक्षधर्म सोडला आहेस, तेव्हा मी दुसऱ्या झाडाकडे जातो. व्याधाने शक्ती फेकली, पण ती चुकली.

मज्झिम निकायातील निवाप सुत्त याच ज्ञानाची दुसरी बाजू दाखविते. तेथे पारध करणारा हरणांसाठी चारा पेरतो. पहिला कळप त्यावर तुटून पडतो आणि फसतो. दुसरा रानात पळतो, पण उन्हाळ्याच्या अखेरीस क्षीण होऊन परत येतो. तिसरा सावधपणे चरतो, परंतु त्याचे वसतिस्थान हुडकले जाते. चौथा कळप जेथे राहतो तेथे पारध करणाऱ्याची गतीच नसते. या ठिकाणी तो जो विचार करतो तो मुळातून वाचण्यासारखा आहे. या चौथ्या कळपाला आपण डिवचले, तर बुजलेली हरणे इतरांना बुजवतील, ती आणखी इतरांना, आणि अखेर सर्वच हरणे हा चारा टाकून जातील. म्हणून त्यांच्या वाटेला न जाणेच बरे, असे तो ठरवितो. एक बुजलेले हरीण सारे रान उठविते, हा शिकाऱ्याचा अनुभवसिद्ध नियम येथे स्पष्टपणे नोंदविला गेला आहे. सुत्तात हा चारा म्हणजे पंच कामगुण आणि तो पेरणारा म्हणजे मार होय. रूपक प्रभावी ठरते ते त्यामागील निरीक्षण खरे असल्यामुळेच.

या कथांचे तात्पर्य अप्रमाद आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते ते अपुरे आहे. कुरंगाच्या सावधपणाने कुरंग वाचला, चौथ्या कळपाच्या शहाणपणाने तो कळप वाचला. मचाण मात्र तसेच राहिले आणि चारा पेरलेलाच राहिला. एका हरणाची सावधगिरी त्या हरणापुरतीच असते. शिकार थांबते ती व्याधाचे मन पालटते तेव्हाच. म्हणूनच कुरंग पळण्यापूर्वी मागे वळतो. तुझा नेम चुकला, पण तुझ्या कर्माचे फळ चुकणार नाही, असे तो व्याधाला बजावतो. जिवावर बेतलेल्या प्राण्याने मारणाऱ्याला दिलेला हा इशारा आहे.

वेळुवनात सांगितलेल्या या कथेची प्रस्तावना देवदत्ताच्या कारस्थानांची आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याने भगवंतांवर धनुर्धारी पाठविले होते. चुल्लवग्गातील वृत्तान्तानुसार त्यांतील पहिला धनुर्धारी भगवंतांसमोर भयाने ताठरला, आणि पुढे शस्त्रे खाली ठेवून उपासक झाला. जातकातील व्याधाला जे साधले नाही ते त्याला साधले.

इतिहासातही याचे पडसाद उमटलेले दिसतात. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस जाऊन त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, असे त्याचा आठवा शिलालेख सांगतो. याच लेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यास मिळाला. 1958 मध्ये कंदहार येथे सापडलेल्या ग्रीक-अरामी लेखात तर राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार सोडल्याचा उल्लेख आहे. पहिल्या शिलालेखात राजाची कबुलीही प्रामाणिक आहे. पाकशाळेत अद्याप दोन मोर आणि एक हरीण मारले जाते, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत, असे तो म्हणतो.

सेपण्णीखालचा कुरंग आणि राजाच्या पाकशाळेतील ते एक हरीण ही दोन्ही एकाच प्रश्नाची रूपे आहेत. हरणाने किती सावध राहावे याला अंत नाही. मचाणावरून खाली केव्हा उतरावे हे मात्र माणसाच्या हाती आहे. जातककथेच्या अखेरीस व्याध खाली उतरून आपल्या वाटेने निघून जातो. तो पुन्हा मचाण बांधणार की नाही, याचा निर्णय कथाकाराने त्याच्यावरच सोपविला आहे.