आगमातील वर्गमूळ-गणित आणि मुंबईची श्रुतसेवा

शालेय बीजगणितात अपूर्णांक घातांकांचा पाठ आला की अनेक विद्यार्थी अडखळतात. घातांक एक-द्वितीयांश म्हणजे वर्गमूळ, एक-चतुर्थांश म्हणजे वर्गमुळाचे वर्गमूळ. दोहोंचा गुणाकार केला असता घातांकांची बेरीज होऊन तीन-चतुर्थांश येतात. हा नियम केवळ पाश्चात्त्यांची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. जैन आगम मात्र वेगळी साक्ष देतात.

परंपरेने आर्यरक्षितसूरींच्या नावाशी जोडलेल्या अनुयोगद्वार सूत्रात नारकी जीवांच्या वैक्रिय शरीरांचे प्रमाण सांगताना, अंगुलाचे प्रथम वर्गमूळ गुणिले द्वितीय वर्गमूळ, अथवा द्वितीय वर्गमुळाचा घन, असे दोन पर्याय दिले आहेत. उदाहरणार्थ 256 ही संख्या घ्यावी. तिचे प्रथम वर्गमूळ 16, द्वितीय 4. त्यांचा गुणाकार 64. आणि 4 चा घनही 64 च. हेच अपूर्णांक घातांकांचे सरळ रूप होय. याच ग्रंथात मनुष्यसंख्येसाठी दोनचा पाचवा वर्ग आणि सहावा वर्ग यांचा गुणाकार सांगितला आहे. ही संख्या 96 वेळा निम्मी करता येते व ती 29 अंकी आहे. येथे चिन्हे नाहीत, सर्व काही शब्दांत आहे. युरोपात अपूर्णांक घातांकांचा विचार ओरेमने चौदाव्या शतकात मांडला, तर आजची लेखनपद्धती न्यूटनच्या काळात, सतराव्या शतकात रूढ झाली.

दिगंबर परंपरेत आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत हाच विचार पुढे गेला. एखादी संख्या किती वेळा निम्मी होते, त्यास तेथे 'अर्धच्छेद' म्हटले आहे. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज.

हे ज्ञान टिकले ते श्रावकांच्या दानामुळे. धवलेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात बंद होती. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळा उभारणारे मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी 1883 च्या सुमारास तेथे यात्रेस गेले. पोथ्यांची जीर्णावस्था पाहून त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांच्याशी विचारविनिमय केला. 1895-96 मध्ये प्रतिलेखनास आरंभ झाला, पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये अमरावतीहून पहिला खंड निघाला. अनुयोगद्वाराची संशोधित आवृत्ती 1968 मध्ये गोवालिया टँक येथील श्री महावीर जैन विद्यालयाने, मुनी पुण्यविजयजी, पंडित दलसुख मालवणिया व पंडित अमृतलाल भोजक यांच्या संपादनाने, जैन आगम ग्रंथमालेतील प्रथम ग्रंथात प्रकाशित केली.

पूर्वजांनी पोथ्या वाचविल्या; त्या वाचणारे घडविणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य आहे. पाठशाळेत सूत्रे मुखोद्गत करणाऱ्या बालकास 256 चे हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविले, तर आगम आणि शाळेचे पुस्तक यांतील अंतर सहज मिटेल. तीच खरी श्रुतपूजा ठरेल.