डोंबिवली स्टेशन, कापरेकर मास्तर आणि अंकांचा फेरबदल

डोंबिवली म्हटले की गर्दीची लोकल आठवते. गणितात मात्र या स्टेशनाच्या नावाने संख्यांचे एक घराणेच आहे. ते मांडणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1905 साली डहाणूत जन्मले आणि ठाण्यात शाळा शिकले. 1930 ते 1962 या काळात ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती.

जीआयपी रेल्वेच्या काळात या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनाच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले. त्यातल्या काही तर फार देखण्या आहेत. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. उलट्या वाचल्या तरी त्याच.

उलटवण्याचा हाच खेळ 6174 मध्येही आहे. 3524 घ्या. अंक उतरत्या क्रमाने 5432, चढत्या क्रमाने 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तेच करा: 8352, मग 6174. तिथून पुढे हलता येत नाही. चारही अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक चार अंकी संख्या इथेच येते.

चार वेगळ्या अंकांचे 24 क्रम लागतात. कापरेकरांनी घेतलेले दोन एकमेकांपासून सर्वांत दूरचे. रांगेत चौघे उभे करा. फक्त शेजाऱ्यांनीच जागा बदलायची, तर पूर्ण रांग उलटायला सहा अदलाबदली लागतात. प्रत्येक जोडी एकदा. आजचे गणित या 24 फेरबदलांना ‘सममित गट’ म्हणते आणि या सहा जोड्यांतून त्याची मुळे मोजते.

मुळे म्हटली की मला आठव्या शतकातल्या बसऱ्याचे खलील इब्न अहमद आठवतात. अरबी शब्दकोश रचताना त्यांनी मूळ अक्षरांचे सगळे क्रम मांडले: तिघांचे 6, चौघांचे 24. क-ल-म मधून कलाम, क-म-ल मधून कमाल, म-ल-क मधून मुल्क. कोणता क्रम वापरात आहे, कोणता नाही, हेही त्यांनी नोंदवले.

एक भाषापंडित, दुसरे शाळामास्तर. दोघांनीही हाताशी होते तेच मोजले. कापरेकरांच्या कामाकडे इथे अनेकांनी करमणूक म्हणून पाहिले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. आमच्या मोहल्ल्यात आकड्यांशी खेळणाऱ्या पोराला अजूनही विचारतात, “याचा फायदा काय?” त्याला आधी वही-पेन्सिल द्या. फायद्याचा हिशोब नंतर करता येईल.