भीमथडी घोडा

भीमथडी घोडा : महाराष्ट्राच्या पठारावरील देशी अश्वजाती. दख्खनी तट्टू या नावानेही ती परिचित आहे. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत, मुख्यतः भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांत, तिचा आढळ आहे.

वर्णन : चण लहान, खूर कठीण, प्रकृती काटक. अल्प चंदीवर व माळावरील गवतावर निर्वाह.

इतिहास : स्थानिक तट्टे व समुद्रमार्गे आलेले अरबी घोडे यांच्या संकरातून ही जात उद्भवली, असे सामान्यतः मानतात, तथापि संकराचा काळ व प्रमाण यांविषयी एकवाक्यता नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर, तर शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरी करीत असल्यामुळे, आणि अवजड सरंजाम टाळून मुलूख तुडविणाऱ्या स्वाऱ्यांना देखण्या जनावरापेक्षा चिवट जनावराची गरज असल्यामुळे, अश्वपैदास सरकारी पागांपुरती न राहता गावोगावच्या शिलेदारांच्या दारी पोहोचली. पेशवाईच्या अस्तानंतर (1818) हा आश्रय तुटला. कंपनी सरकारने शिरूरनजीक आलेगाव येथे काही काळ पैदासकेंद्र चालविले. आलेगाव पागा हे त्या गावाचे नाव आजही प्रचलित आहे.

उपयोग : फौजा गेल्या, तरी धनगरांच्या भटकंतीने ही जात जगविली. पर्जन्यछायेतील मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे उतरतात व पावसाळ्यापूर्वी परततात. पुरुष मेंढ्यांबरोबर चालतात आणि बिऱ्हाडाची घोडी बहुधा स्त्रिया हाकतात. घोडीच्या पाठीवर मेंढ्या कोंडण्याची वाघूर, पालाचे कापड, भांडी व धान्याची पोती लादलेली असून, त्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि चालू न शकणारी नवजात कोकरे असतात. घाटवाटेने जाणाऱ्या या संसाराला मोटार पर्याय ठरत नाही.

ऱ्हास : गायरानांचा संकोच, मेंढपाळीतून नव्या पिढीचे निर्गमन आणि बाजारात उंच, डौलदार मारवाडी घोड्यास मिळणारी पसंती व त्यामुळे वाढलेला संकर ही प्रमुख कारणे होत. पशुगणनेनुसार भारतातील घोडे व तट्टे यांची एकूण संख्या 2012 मधील सुमारे 6.25 लाखांवरून 2019 मध्ये सुमारे 3.4 लाखांवर आली.

रोग : ग्लँडर्स, सर्रा इत्यादी.

संवर्धन : कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2024 च्या आरंभी भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी केली, नोंदणीकृत भारतीय अश्वजातींत ती आठवी होय. नोंदणीमुळे जातीची लक्षणे व मूलक्षेत्र निश्चित होतात. शुद्ध वळूंची निवड, वंशावळीचे दफ्तर व रेताचे गोठवून जतन ही कामे त्यानंतर करावयाची असतात. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने मारवाडी जातीत भ्रूणप्रत्यारोपणाने 2023 मध्ये शिंगरू जन्मास घातले असल्याने तांत्रिक साधने उपलब्ध आहेत. परंतु प्रयोगशाळेतील जतन हा केवळ आपत्काळाचा विमा होय. काटकपणा हा या जातीचा प्रधान गुण वाटचालीत व उघड्या माळावरच पारखला जातो. म्हणून धनगरांच्या वाटा, पाणवठे व चराईचे हक्क यांस सरकारदरबारी संरक्षण देणे हेच भीमथडीच्या शाश्वत संवर्धनाचे मुख्य अंग मानले पाहिजे.